हात न लावायचा खांब

पेईलानबाईंनी पंचवीस वर्षे एकच जिना वापरला, आणि त्या पंचवीस वर्षांत जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या खांबाला एकदाही हात लावला नाही. चढताना त्यांचा उजवा हात तिसऱ्या पायरीपर्यंत बाहीत असे. तिथून पुढे तो कठड्यावर येई. उतरताना त्याच पायरीवर तो पुन्हा बाहीत जाई. पाहुण्यांना ती लकब वाटे. बाईंच्या लेखी ती साधी खबरदारी होती. तांदूळ काढून झाल्यावर रांजणातल्या तांदळावर आपल्या पंजाचा ठसा उमटवून ठेवणे, सोयाच्या बुधल्याला फक्त स्वतःला सुटेल अशी गाठ मारणे, शांघायहून आलेले मुलाचे पत्र उघडण्याआधी उजेडात धरून पाहणे, यांसारखीच. नानशुन गावातल्या त्या गल्लीत त्यांना कोणी फसवल्याची आठवण कोणालाच नव्हती. बाईंचे म्हणणे असे की, ते खबरदारीमुळेच.

जिना मात्र त्यांच्या अधीन नव्हता. सम्राटाचे राज्य संपायला दोन वर्षे उरली होती तेव्हा त्यांचे पती, रेशमाचे व्यापारी शेन बोरुन यांनी घर बांधायला काढले. बड्या रेशीमवाल्यांच्या हवेलीत त्यांनी परदेशी धाटणीचा जिना पाहिला होता, आणि आपल्या दोन मजली घरात तसाच हवा म्हणून सुतारकामासाठी नावाजलेल्या तुंगयांगहून ग्वो उस्तादांना बोलावले. उस्तादांनी कापराच्या लाकडाच्या दोन जाड तिरप्या फळ्या भिंतीशी समांतर बसवल्या, त्यांत खाचा पाडून सतरा पायऱ्या सरकवल्या, प्रत्येक पायरीच्या पाठीला एक उभी फळी दिली. पायऱ्यांवर लाटण्यासारखे घोटीव दांडे उभे केले, त्यांच्या डोक्यावरून हातकठडा नेला, आणि तो सारा भार खाली एका चौकोनी खांबाच्या अंगावर सोपवला. खांबाच्या डोक्यावर कमळाच्या कळीची टोपी होती. साऱ्या जिन्यात लोखंडाचा एक खिळा नव्हता.

आढे चढवण्याच्या दिवशी पंगत झाली. पंगतीत पहिला मान सुताराचा, मग गवंड्याचा. ताटातल्या माशाचे डोके ज्याच्याकडे, तो त्या दिवसाचा मोठा माणूस. ताट आणायला नवी नवरी म्हणून पेईलानला पुढे केले होते. तिचे वय एकोणीस, हात थरथरणारे, आणि समोर दोन अनोळखी दाढीवाले. तिने ताट ठेवले, आणि माशाचे डोके गवंड्याकडे गेले. ग्वो उस्ताद हसले, पिवळ्या दारूचा पेला उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या कामाला लागले. त्या हसण्याचा अर्थ काय, हा प्रश्न पेईलानबाई तेव्हापासून सोडवीत होत्या.

कारण दुखावलेला सुतार तोंडाने बोलत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असते. तो घरात काहीतरी ठेवून जातो. फुटक्या वाटीची खापरी आणि एकच जेवणाची काडी भिंतीत सापडली, तर त्या घराला भीक मागावी लागते. इवलीशी होडी सापडली, तर तिचे टोक पाहायचे. टोक घरात वळलेले असेल तर भरभराट आत येते. दाराकडे असेल तर असलेलेही वाहून जाते. आणि वस्तू लपवायला पोकळ टोपीच्या खांबाहून चांगली जागा कोणती?

पाच वर्षांनी थोरला मुलगा तापाने गेला. तो चार वर्षांचा होता. त्या हिवाळ्यात बाईंनी खांबावर एक इलाज करून पाहिला. तो कोणता, हे घरात कोणालाच कळले नाही. पुढे सात वर्षांनी बोरुन नवव्या पायरीवरून घसरले आणि महिनाभराने गेले. मग जपानी रेशमाने भाव पाडले आणि गल्लीतल्या निम्म्या दुकानांना, त्यांत शेनांच्याही, कुलुपे लागली. धाकटा यानफू शांघायला नोकरीला गेला. घरात उरल्या बाई आणि सून रुईचू. खांबावर दरवर्षी नव्या वर्षाचा लाल कागद लागे. तो चिकटवायचे काम आधी बोरुन करीत, नंतर यानफू, अलीकडे रुईचू. बाई लांबून सांगत, “अजून थोडा वर. हं. कडा नीट दाब.”

त्या वर्षी आठव्या महिन्यात जिन्यानेच तोंड उघडले. रुईचूला सातवा महिना लागला होता. उतरताना तिने कठडा धरला, तर तीन दांडे तिच्या हातात आले आणि चौथी पायरी पुढून तडकली. ती पडली नाही. मटकन बसली, आणि दांडे मांडीवर घेऊन बसून राहिली. बाईंनी तिला हाताला धरून वर नेले. बाळंतपण वरच्याच खोलीत व्हायचे होते. खालच्या खोलीत कालव्याची ओल भिंतीला छातीपर्यंत चढलेली, आणि माहेरी मुलीने बाळंत होऊ नये हा नियम दोन्ही घरांचा. सुईण त्याच जिन्याने वर येणार होती, गरम पाणी त्याच जिन्याने चढणार होते. जिना दोन महिन्यांच्या आत उभा राहायला हवा होता.

असले घोटीव काम तुंगयांगच्या माणसाशिवाय होत नाही. एका हवेलीची डागडुजी संपवून परत निघालेला यिन नावाचा मिस्त्री बाईंना घाटावर सापडला. पंचेचाळिशीचा, कानामागे पेन्सिल, बोलणे कमी आणि तेही वाकडे. तो घरी आला, धुरावर वाळवलेले सोयाचे हिरवे दाणे घातलेला चहा प्याला, शेवटचा दाणाही काडीने टिपून खाल्ला, आणि मग कठड्याखालून तळवा फिरवत म्हणाला,

“हे काम ओळखीचं आहे.”

“कोणाच्या ओळखीचं?”

“माझ्या हाताच्या. ग्वो उस्तादांचा जिना हा. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत मी. हा दांडा बघा, पोट खाली, मान वर. बाकीचे उलटं करतात नि मग दांडा बिचारा डोक्यावर ओझं घेतल्यासारखा दिसतो.”

बाईंनी त्याच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिले. चहा पिऊन झाला होता, म्हणजे काम ठरले होते. आता नको म्हणायचे तर त्याच घराण्यातल्या सुताराचा दुसऱ्यांदा अपमान. आणि हा माणूस नेमका आताच, घरात पोट वाढत असताना, घाटावर का सापडावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी यिन आला तेव्हा जिन्यासमोर बांबूचे स्टूल होते, स्टुलावर बाई, आणि त्यांच्या पुढ्यात सोलायच्या शिंगाड्यांची परडी. रुईचूला त्यांनी वरच्या पायरीवर बसवले होते.

“मालकीणबाई, तुम्ही तिथं बसलात की माझा उजेड अडतो,” यिन म्हणाला.

“उजेड दुसऱ्या बाजूनंही येतो.”

“दुसऱ्या बाजूला तुमची सूनबाई आहे.”

“ती माझ्या सांगण्यावरून आहे.”

यिनने रंधा उचलला. थोड्या वेळाने तो काहीतरी गुणगुणू लागला.

“काय पुटपुटताय, मिस्त्री?”

“नाटकातलं पद आहे. बायको रुसून जाते त्यातलं.”

“मग मोठ्यानं म्हणा.”

“आवाज वाईट आहे माझा.”

“असू दे. शब्द ऐकू आले पाहिजेत.”

त्याने मोठ्याने म्हटले. आवाज खरोखरच वाईट होता. वरून रुईचूचे दबके हसू आले, आणि बाईंनी वर न पाहता बजावले, “तू पोटाला हात लावून बस.”

संध्याकाळी यिन भुसा गोळा करू लागला, तर बाईंनी खराटा त्याच्या हातातून काढून घेतला. प्रत्येक ढलपी, प्रत्येक चुरा त्यांनी स्वतः झाडला आणि चुलीत घातला. एक ढलपी त्यांनी नाकाशी नेऊन हुंगलीही.

“पस्तीस वर्षं हा धंदा करतोय,” यिन हत्यारे पुसत म्हणाला. “भुशावर पाळत ठेवणारं घर पहिल्यांदा पाहिलं.”

“भुसाही घराचाच आहे.”

तिसऱ्या दिवशी त्याने तडकलेली पायरी काढून नवी तासली. ती बसवण्याआधी बाई उठल्या आणि खालून वर बोटाने मोजू लागल्या. जन्म, म्हातारपण, आजार, मरण. पुन्हा जन्म, म्हातारपण, आजार, मरण. सतरावी पायरी जन्मावर आली.

“सतराच राहिल्या पाहिजेत.”

“अठरावी कुठून आणू मी?”

“तुम्हा लोकांचं काही सांगता येत नाही.”

यिनने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा तिथेच ठेवली. “मालकीणबाई, वरची जमीन मोजणीत धरता की नाही? पाय तर तिच्यावरही पडतो.”

बाईंनी हा विचार पंचवीस वर्षांत केला नव्हता. “धरली तर?”

“तर अठरा. म्हणजे म्हातारपण.” तो पायरीच्या खाचेत सरस लावू लागला. “वाईट काय त्यात? मला तर हवंय.”

त्या रात्री बाईंनी जमीन धरायची नाही असे ठरवले, पण आपल्याला असा प्रश्न पाडण्यात ह्याचा काय फायदा, हे काही त्यांना ठरवता आले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सारे दांडे ओळीने भिंतीला टेकून उभे होते. कठडा खांबाजवळ अजून अडकलेला होता. मधल्या दोन पायऱ्याही यिनने नव्या पाचरी ठोकण्यासाठी उपसल्या होत्या, आणि रुईचू वरच होती. यिन पटाशी घेऊन खांबाकडे वळला. बाई स्टुलावरून उठल्या.

“टोपी कशाला काढताय?”

“आत खुंटी आहे. ती वरून ठोकल्याशिवाय कठडा धड सुटत नाही.”

“मी बघणार.”

“बघा. फक्त बोटं आत घालू नका, पटाशीला घरचं-दारचं कळत नाही.”

कळीच्या देठाशी त्याने पटाशी रोवली आणि हलकेच दाबली. लाल कागदाची कड फाटली. टोपी कुरकुरत वर आली. आत चहाच्या पेल्याएवढी पोकळी होती, आणि पोकळीत करंगळीएवढी एक होडी. तिच्यात काळवंडलेला तांदळाचा एक दाणा. टोक दाराकडे.

वर रुईचू उठून उभी राहिली.

“पाहिलंत?” बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर शांत होता, जवळजवळ समाधानी. इतकी वर्षे एकटीने वाहिलेला संशय शेवटी खरा निघाला, तर माणसाला दुःखाआधी एक हलकेपणा येतो; तो त्यांना त्या क्षणी आला होता.

“उस्तादांनी असं केलेलं नाही.”

“होडी आहे. टोक दाराकडे आहे. डोळे तुमचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझा मुलगा गेला, हे नवव्या पायरीवरून गेले, धंदा गेला. एका माशाच्या डोक्यापायी.”

“कुठल्या माशाच्या?”

“तुमच्या उस्तादांना माहीत होतं कुठल्या.”

यिनने टोपी खाली ठेवली. मग त्याने रंध्याची पाती सैल केली, पटाश्या एकेक करून कापडात गुंडाळायला घेतल्या.

“उस्ताद सात वर्षांपूर्वी गेले. त्यांना इथं येऊन उत्तर देता येत नाही. त्यांचं नाव असं घेतलं जातं त्या घरात मी खुंटी ठोकणार नाही. या दोन पायऱ्या बसवून देतो, म्हणजे सूनबाई खाली येईल. पुढचं दुसऱ्याकडून करून घ्या.”

“दुसरा कोण करणार हे?”

“ते तुम्ही बघा. तुमचं बघणं चांगलं आहे.”

दोन पायऱ्या म्हणजे बिनकठड्याचा जिना. सुईण म्हातारी होती, आणि हिवाळ्यात पायऱ्यांवर कालव्याचे दव उतरते. बाईंना हे सगळे एकदम दिसले. यिनने गुंडाळी बांधली आणि खांबाशी टेकवलेला काटकोन मापायचा गुण्या घ्यायला वाकला. तिथेच तो थांबला. फाटक्या लाल कागदाखालून लाकडाचा एक चौकोनी तुकडा दिसत होता. त्याने नखाने कागद आणखी सोलला. खाली रंग, रंगाखाली दुसरा चौकोन.

“हे काय आहे?”

बाई स्टुलाकडे मागे सरकल्या.

“कठड्याची भोकं ही. बुजवलेली.” त्याने पटाशीच्या टोकाने कड उकरली, अंबाडीचे तंतू आणि चुन्याचा वाळलेला गोळा निघाला. “अंबाडीचे धागे नि तेलचुना. असं सुतार बुजवत नाही. होड्यांच्या फटी भरणारा बुजवतो.” तो खांबाच्या पलीकडे गेला, कठडा शिरलेल्या बाजूला गुडघ्यावर बसला. “आणि इथं कमळ कोरलंय. कठड्याच्या भोकानं त्याचं अर्धं पान खाल्लंय. उस्ताद स्वतःच्या कमळाला भोक पाडतील?” तो उठला. “हा खांब फिरवलेला आहे. तोंड पाठीकडे, पाठ तोंडाकडे. कोणी फिरवला?”

बोरुन यांचे नाव बाईंच्या जिभेवर आले. ते सोपे होते, आणि मेलेला माणूस नाही म्हणत नाही. पण एका मेलेल्या माणसावर त्यांनी पंचवीस वर्षे भार टाकला होता, आणि त्याचे काय झाले ते समोर उघडे पडले होते. त्यांनी वर पाहिले. उपसलेल्या पायऱ्यांच्या पलीकडे रुईचू दोन्ही हात पोटावर ठेवून उभी होती, आणि सगळे ऐकत होती.

“मी,” बाई म्हणाल्या.

यिनने पटाशी खाली ठेवली.

“थोरला गेला त्या हिवाळ्यात. हे तेव्हा रेशीम घेऊन शांघायला गेले होते, तीन आठवडे. घाटावरचा होड्यावाला बोलावला. म्हटलं, आत काय आहे ते उघडू नकोस, नुसता खांब फिरव. आत जे असेल त्याचं तोंड तरी फिरेल. त्यानंच रंग दिला, वर कागद लावला.”

“उघडून का नाही पाहिलं?”

“भीती वाटली.”

यिन तिसऱ्या पायरीवर बसला. त्याने होडीकडे पाहिले, दाराकडे पाहिले. “म्हणजे उस्तादांची होडी घरात येत होती. तुम्ही तिला बाहेर पाठवलीत.”

हे तो रागाने बोलला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य घरात तसेच उभे राहिले. बाई स्टुलावर बसल्या. परडीतला एक शिंगाडा उचलून त्यांनी त्याची टोके बोटाने चाचपली. मग वरून रुईचूचा आवाज आला.

“आई, पण थोरले भाऊजी तर खांब फिरवायच्या आधीच गेले ना?”

“हो.”

“तेव्हा होडी आतच येत होती.”

“हो.”

“मग तिनं केलं काय?”

बाईंनी यिनकडे पाहिले. त्याने खांदे उडवले. “ते उस्तादांनी मला शिकवलं नाही. कशी ठेवायची, तेवढं शिकवलं.”

मग बाईंनी पंगतीची गोष्ट सांगितली. ताट, थरथरणारे हात, गवंड्याकडे गेलेले डोके, उस्तादांचे हसू. यिन मान खाली घालून ऐकत होता, आणि शेवटी त्याचे खांदे हलू लागले.

“मालकीणबाई, उस्ताद मासा खायचेच नाहीत. लहानपणी काटा अडकला होता घशात. मानानं डोकं त्यांच्याकडे आलं की त्यांना खाल्ल्याचं सोंग करावं लागे. आम्ही पोरं गुपचूप ताट फिरवायचो. तुमच्या घरी मी नव्हतो, पण ते हसले असतील, तर सुटलो म्हणून हसले असतील.”

“असं तुम्ही आता म्हणता.”

“हो, आता म्हणतो. आधी कोणी विचारलं नव्हतं.”

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. खोटे बोलणाऱ्या माणसाची पापणी लवत नाही, असे त्यांचे मत होते. यिनची दोनदा लवली. पण ह्या लोकांना तेही शिकवत असतील.

“कठडा बसवणार की नाही?” त्यांनी विचारले.

“उस्तादांबद्दल जे बोललात ते?”

“ते मी परत घेते.” थोडे थांबून, “अर्धं.”

“अर्ध्यात खांब उभा राहत नाही.”

वर रुईचू एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. जमिनीची फळी वाजली.

“सगळं,” बाई म्हणाल्या.

यिनने गुंडाळी सोडली. पुढचे पाच दिवस तो कामाला होता. त्याने खांब फिरवून मूळ तोंडावर आणला, होड्यावाल्याचे तुकडे काढून जुनी भोके मोकळी केली, नव्या भोकांत कापराचे लाकूड बसवून कमळाचे हरवलेले अर्धे पान पुन्हा कोरले. नवे पान जुन्याहून फिकट होते. “दोन पावसाळे जाऊ द्या, मिळून जाईल,” तो म्हणाला. दांडे आपापल्या जागी गेले, पोट खाली, मान वर. होडी त्याने बाईंच्या देखत पोकळीत ठेवली, टोक घराकडे. मग टोपी उचलली आणि खुंटी शोधू लागला.

“टोपीला खुंटी नको.”

“बिनखुंटीची टोपी नातवाच्या हातात येईल.”

“येऊ दे. मला बघता आलं पाहिजे.”

“काय बघणार? होडी चालत नाही.”

“ते मी बघेन.”

यिनने त्यांच्याकडे पाहिले, आणि खुंटी खिशात टाकली. टोपीच्या देठाला त्याने मेण चोळले, म्हणजे ती घट्ट बसावी पण उचलली की निघावी.

निघायच्या दिवशी दुपारी त्याला जेवायला बसवले. बाईंनी आख्खा मासा वाफवला होता. ताट त्यांनी स्वतः आणले, डोके यिनकडे करून ठेवले, दोन पावले मागे गेल्या, परत आल्या आणि बोटाने ताट आणखी किंचित त्याच्याकडे सरकवले. यिनने डोके सावकाश, काटे वेगळे काढत, संपवले.

“तुम्हाला आवडतं तर,” बाई म्हणाल्या.

“मला आवडतं. उस्तादांना नव्हतं.”

तो गेल्यावर बाईंनी ताटातले काटे मोजले नाहीत. त्या सरळ खांबाकडे गेल्या, दोन्ही हातांनी टोपी धरली आणि उचलली. होडीचे टोक घरातच होते. पण तिच्यात आता दोन दाणे होते, एक काळवंडलेला आणि एक नवा, पांढरा. यिनने ठेवला असेल, की रुईचूने? बाईंनी जिन्यावर नजर टाकली. रुईचू मधल्या पायरीवर कठडा धरून उभी होती, आणि तिचा चेहरा अगदीच निर्विकार होता. बाईंनी विचारले नाही. टोपी लावली.

दहाव्या महिन्याच्या शेवटी सुईण खांबाला धरून, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत वर गेली. पहाटे मुलगी झाली. नाव काय ठेवायचे, हे विचारणारे पत्र शांघायला गेले. यानफूचे उत्तर आले तेव्हा बाईंनी तेही उजेडात धरून पाहिले.

रोज सकाळी चूल पेटवण्याआधी त्या टोपी उचलून आत बघत. होडी जागेवर आहे ना, टोक फिरलेले नाही ना, दाणे दोनच आहेत ना. मग टोपी बसवून, ती नीट बसली की नाही हे हाताने दाबून पाहत, आणि हात तिथे असतानाच पहिल्या पायरीवर पाय ठेवीत.